बाब्या निर्दोष! (निदान ‘बी’ नमुना येईपर्यंत)

तंजावर म्हटलं की मराठी माणसाला व्यंकोजीराजे आठवतात, सरफोजीराजांचा सरस्वती महाल आठवतो, फार तर मोठ्या देवळासमोरचा नंदी. खेळाची पानं वाचणाऱ्यांनी मात्र नकाशावर तंजावर, तिरुचिरापल्ली आणि पुदुकोट्टई हे तीन ठिपके जोडून पाहावेत. एकीकडून दुसरीकडे जायला बसने तास-दीड तास. या कावेरीकाठच्या मुलखातून गेल्या वीस वर्षांत तीन मुली अशा धावल्या की देशाने टाळ्या वाजवल्या. पुढे तिघींच्याही नावापुढे प्रयोगशाळेचा कागद लागला.

आपला लाडका खेळाडू उत्तेजकांच्या चाचणीत सापडला की चाहता काय करतो? अमेरिकेच्या बेसबॉल मैदानांवर याची उत्तरं भरपूर सापडतात. तंजावरच्या आसपास आणि आपल्या विरार-कांदिवलीतही सापडतात. ती शेजारी-शेजारी ठेवली की एक गोष्ट लगेच दिसते. चाहत्याला रसायनशास्त्रात रस नसतो. बाब्या आपला की कार्टं दुसऱ्याचं, एवढंच त्याला कळून घ्यायचं असतं.

बूट दोन रंगांचे, धनादेश सर्वपक्षीय

२२ एप्रिल २०१९, दोहा. आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत ८०० मीटर शर्यत २ मिनिटं २.७० सेकंदांत जिंकली गोमती मारिमुत्तूने. गाव तिरुचिरापल्लीजवळचं मुडिकंडम, वय तिशीचं, वडील शेतमजूर होते. त्या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. हीच गोमती २०१३ मध्ये आपल्या पुण्यात, बालेवाडीला, याच स्पर्धेत सातवी आली होती. तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नव्हतं.

दोह्यानंतर मात्र तिच्या बुटांकडेसुद्धा पाहिलं गेलं. दोन पायांत दोन रंगांचे बूट दिसले आणि फोटो देशभर फिरला. गरिबीची कहाणी लोकांनी स्वतःच जुळवली. मग धनादेश सुरू झाले. द्रमुकने दहा लाख दिले, अण्णाद्रमुकने पंधरा, तमिळनाडू काँग्रेसने पाच. अभिनेता विजय सेतुपतीने पाच लाख पाठवले, तेही आपल्या चाहत्यांच्या मंडळामार्फत. एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष एकाच मुलीच्या घरी पोहोचले, हा त्या ८०० मीटरचा खरा विक्रम म्हणायला हवा.

महिना उलटला नाही तोच बातमी आली की चाचणीत नँड्रोलोनचा अंश सापडला. तिने आरोप साफ नाकारले. पण मार्च ते मे २०१९ मधले चार नमुने तिच्या विरोधात गेले आणि २०२० मध्ये चार वर्षांची बंदी जाहीर झाली. सुवर्ण चीनच्या वांग चुन्युकडे गेलं. धनादेश देताना फोटोला उभे राहिलेले कितीजण त्यानंतर मुडिकंडमला गेले असतील, याचा अंदाज वाचकांनी करावा.

पंधरा लाख आणि एक टीव्ही

दुसरी गोष्ट उत्तेजकांची नाहीच, हे आधीच सांगून टाकतो, कारण अनेकजण अजून गल्लत करतात. पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या कथकुरिचीची शांती सौंदरराजन २००६ च्या दोहा आशियाई खेळांत ८०० मीटरमध्ये दुसरी आली. नंतर ‘लिंगचाचणी’च्या नावाखाली तिचं रौप्य काढून घेतलं गेलं. तिने काही घेतलं नव्हतं, काही लपवलं नव्हतं. आईवडील वीटभट्टीवर राबणारे.

मुख्यमंत्री करुणानिधींनी काय केलं? पदक गेलं असताना तिला पंधरा लाख रुपये दिले आणि वर एक टीव्ही संच. नियमांच्या चौकटीत हे कसं बसलं ते सरकारी बाबूंना ठाऊक. पण पदक परत घेतलं जात असताना बक्षीस देणारा चाहता जगात विरळा. त्याच पैशांतून तिने पुढे मुलांना धावायला शिकवलं, आणि २०१६ मध्ये सरकारने तिला प्रशिक्षकाची नोकरी दिली.

उषाचा विक्रम मोडणारी

तिसरी एस. धनलक्ष्मी, तीही तिरुचिरापल्लीची. मार्च २०२१ मध्ये पतियाळात तिने १०० मीटरमध्ये द्युती चंदला मागे टाकलं आणि २०० मीटरमध्ये २३.२६ सेकंदांची वेळ देऊन पी. टी. उषाचा १९९८ पासूनचा स्पर्धाविक्रम मोडला. टोकियो ऑलिंपिकच्या चमूत गेली. परत आली तेव्हा विमानतळावरच कळलं की ती परदेशात असताना बहीण गेली होती, घरच्यांनी कळवलं नव्हतं. त्या दिवशी तिच्यासाठी सगळा देश हळहळला.

२०२२ मध्ये तिच्या नमुन्यात मेटॅन्डिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. तीन वर्षांची बंदी. ती संपवून परतली आणि २०२५ मध्ये पुन्हा चाचणीत अडकली. पहिल्यांदा बाजू घेणारे दुसऱ्यांदा गप्प बसतात, हा नियम जगभर सारखा. (मेटॅन्डिएनोन हे नाव लक्षात ठेवा. पुढे आपल्या कुस्तीच्या हौद्यात ते पुन्हा भेटणार आहे.)

डुलणाऱ्या मुंडीचा इतिहास

तंजावरची खास वस्तू कोणती? वीणा आहे, सोन्याच्या वर्खाची चित्रं आहेत, पण पोरांना विचाराल तर ‘तलैयाट्टी बोम्मै’. मान हलवणारी बाहुली. तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. नाचणारीची मुंडी, धड आणि घागरा वेगवेगळे डुलतात. दुसरा प्रकार राजा-राणीचा, बुडाला जड; कितीही ढकला, उभीच राहते.

अमेरिकेत बेसबॉलचे संघ हीच कल्पना प्लास्टिकमध्ये उतरवतात. आवडत्या खेळाडूची डुलत्या मुंडीची बाहुली सामन्याच्या दिवशी प्रेक्षकांना फुकट वाटायची. लोक बाहुलीसाठी तिकिटं काढतात. आता अडचण अशी की बाहुल्यांची ऑर्डर महिनोन्‌महिने आधी द्यावी लागते आणि चाचणीचा निकाल कुणाला विचारून येत नाही.

लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघात मॅनी रामिरेझ नावाचा फटकेबाज होता. मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात त्याच्या नावाचा खास विभागच होता, ‘मॅनीवुड’. दोन तिकिटं, दोन टीशर्ट, ९९ डॉलर. चाहते त्याच्यासारख्या जटांचे टोप घालून बसत. मे २००९ मध्ये त्याच्यावर ५० सामन्यांची बंदी आली. त्याच्या प्रकरणात निघालेलं औषध स्त्रियांच्या वंध्यत्वावर देतात ते. विनोदी कार्यक्रमांची महिनाभराची सोय झाली.

बंदी संपली तसं मॅनीवुड पुन्हा उघडलं. २२ जुलैला बाहुलीवाटप ठरलेलं होतं, ते झालं. प्रत्येकाच्या हातात मॅनीची डुलती मुंडी आणि मॅनी स्वतः हात दुखावल्यामुळे बाकावर. सहाव्या डावात त्याला बदली फलंदाज म्हणून पाठवलं. तिन्ही बेसवर गडी उभे. पहिल्याच चेंडूवर त्याने तो प्रेक्षकांत भिरकावला. चार धावा एका फटक्यात. त्या रात्री घरी जाताना कुणाच्याही मनात प्रयोगशाळा नसणार.

सॅन डिएगोत उलटं झालं. फर्नांडो टाटिस (धाकटा) ऑगस्ट २०२२ मध्ये क्लॉस्टेबॉल या स्टेरॉइडसाठी पकडला गेला, ८० सामने बाहेर. सप्टेंबरमध्ये त्याची बाहुली वाटायची ठरलेली. संघाने ती रद्द करून नव्याने आलेल्या वान सोतोचे टीशर्ट वाटले. नव्या सुनेच्या कौतुकात जुनीचं नाव काढायचं नाही, तसा प्रकार.

दूधवाले

तमिळनाडूत नटाच्या उंच कटआउटवर दुधाचा अभिषेक होतो, हे आपण बातम्यांत पाहतो आणि ‘काय हे’ म्हणून मान हलवतो. सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ मध्ये लोक स्वतःच दूधवाले झाले होते. खेळाडूचं नाव मेल्की काब्रेरा. नावात ‘मेल्क’, म्हणजे जवळजवळ ‘मिल्क’च, म्हणून चाहत्यांची एक टोळी पांढरा गणवेश आणि टोपी घालून सामन्यांना यायची. तो ऑल-स्टार सामन्याचा मानकरी ठरला, तेव्हा दूध उतू जायचंच बाकी होतं.

ऑगस्टमध्ये टेस्टोस्टेरॉनचा अहवाल आला. पुढचं ऐकण्यासारखं आहे. त्याच्या एका साथीदाराने दहा हजार डॉलर खर्चून एक खोटं संकेतस्थळ उभं केलं, न बनलेल्या मलमाची जाहिरात केली, म्हणजे ‘हे मलम लावल्यामुळे झालं’ असं सांगता यावं. तपासणाऱ्यांनी ते लगेच ओळखलं. दूधवाले गायब झाले. संघ मात्र त्याच्याविना जगज्जेता झाला. फलंदाजीच्या सरासरीत तो पहिला येणार होता, तो मान आपल्याला नको असं त्याने स्वतः कळवलं, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

चेंडूवर चांदणी

७ ऑगस्ट २००७ ला बॅरी बॉन्ड्सने ७५६ वा होम रन मारून हँक अ‍ॅरनचा विक्रम मोडला. त्याच्यावर स्टेरॉइडचे आरोप होते. जाणूनबुजून काही घेतल्याचं त्याने कायम नाकारलं, आणि न्यायदानात अडथळा आणल्याचा एकमेव ठपकाही २०१५ मध्ये रद्द झाला. पण परगावच्या मैदानांवर प्रेक्षक आधीपासूनच मोठमोठ्या तारांकित चिन्हांचे फलक धरत होते. विक्रमाच्या आकड्यापुढे चांदणी, म्हणजे ‘खाली टीप पाहा’. २००६ मध्ये सॅन डिएगोत तर एकाने मैदानात सिरिंज फेकली. घरच्या सॅन फ्रान्सिस्कोत मात्र उभं राहून टाळ्या.

चेंडू झेलला ऑस्ट्रेलियाला निघालेल्या, वाटेत सामना पाहायला थांबलेल्या बावीस वर्षांच्या पोराने. लिलावात तो फॅशनवाल्या मार्क एकोने साडेसात लाख डॉलरना घेतला आणि जनतेलाच विचारलं, याचं काय करू? पर्याय तीन. तसाच संग्रहालयात द्यावा, चांदणीचा डाग देऊन द्यावा, नाहीतर रॉकेटमधून अंतराळात सोडावा. मतं पडली एक कोटी. चांदणीला ४७ टक्के, तसाच ठेवायला ३४, आणि अंतराळासाठी १९ टक्के! बॉन्ड्सने एकोला मूर्ख म्हटलं. चांदणीवाला चेंडू आज कूपरस्टाउनच्या संग्रहालयात आहे. बॉन्ड्स स्वतः तिथल्या मानकऱ्यांच्या यादीत नाही.

आईने दिली, भावाने लावली, वासराने केलं

पकडल्यावर खेळाडू काय सांगतात याच्या याद्या नेहमी छापून येतात. मला मात्र ते ऐकून मान डोलावणारा चाहता जास्त मजेशीर वाटतो. शेन वॉर्नने २००३ च्या विश्वचषकाआधी सांगितलं, गोळी आईने दिली, बारीक दिसावं म्हणून. वर्षभर बाहेर बसला. मार्च २००४ मध्ये गॉलला परतून सामन्यात दहा बळी घेतले, त्यात पाचशेवा. त्यानंतर आईच्या गोळीबद्दल कुणी बोललं नाही.

टेनिसपटू पेत्र कोर्डाच्या बाबतीत वासराच्या मांसाचा मुद्दा निघाला. तेवढं नँड्रोलोन अंगात यायला वीस वर्षं रोज चाळीस वासरं खावी लागतील, असा हिशेब समोर आला. जर्मन धावपटू डीटर बाउमानने टूथपेस्टच्या ट्यूबवर संशय घेतला. अमेरिकेच्या शेल्बी हूलिहानने डुकराच्या मांसाच्या बरिटोवर. टाटिसने नायट्याच्या मलमावर, आणि त्याच्या वडिलांनी तो नायटा केस कापताना झाला असं सांगितलं. टेनिसच्या रिशार गास्केने म्हटलं, क्लबमध्ये घेतलेल्या चुंबनातून कोकेन आलं. हसू नका, त्याचं म्हणणं लवादाने मान्य केलं.

खोकला विरारचा

पृथ्वी शॉ. पहिल्याच कसोटीत शतक. २२ फेब्रुवारी २०१९ ला इंदूरमध्ये, मुश्ताक अली करंडकाच्या वेळी दिलेल्या नमुन्यात टर्ब्युटालिन निघालं. दुकानात मिळणारं खोकल्याचं औषध घेतल्याचं त्याने सांगितलं, आणि क्रिकेट मंडळाने ते मान्य केलं. आठ महिन्यांची बंदी, पण मागच्या तारखेपासून; म्हणजे जाहीर होईपर्यंत निम्मी संपलेली.

मुंबईकर चाहत्याने खोकल्याचं औषध मनापासून पटवून घेतलं. आपल्या सगळ्यांच्या कपाटात ती बाटली असते ना! इतर राज्यांतल्या लोकांनी मात्र तारखांचा हिशेब काढला. योगायोग असा की बंदी जाहीर झाल्यानंतर दहाच दिवसांत, ९ ऑगस्टला, वर्षानुवर्षं आढेवेढे घेणारं क्रिकेट मंडळ राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘नाडा’च्या, छत्राखाली आलं. नोव्हेंबरमध्ये शॉ वानखेडेवर उतरला आणि आसामविरुद्ध ३९ चेंडूंत ६३ काढल्या. अर्धशतकानंतर त्याने खूण केली की बोलायचं ते बॅट बोलेल.

चटणी कुणाची?

नरसिंग यादवचं प्रकरण इतकं सोपं नाही. तीन वेळा, सलग, महाराष्ट्र केसरी. कांदिवलीच्या तालमीत घडलेला, महाराष्ट्र पोलिसांत अधिकारी. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवून त्याने ७४ किलोची ऑलिंपिक जागा आणली. ती जागा आपल्याला चाचणी लढत देऊन मिळावी म्हणून दुसरा पैलवान सुशीलकुमार दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि हरला. चाहते तेव्हाच दोन आखाड्यांत वाटले गेले होते.

मग जुलै २०१६ मध्ये मेटॅन्डिएनोन. सोनिपतच्या शिबिरातला त्याचा खोलीतला जोडीदारही त्याच औषधासाठी सापडला. नरसिंग म्हणाला, कुणीतरी जेवणखाण्यात कालवलं. महाराष्ट्रात हे लोकांना पटलं, कारण कटासाठी लागणारी सगळी पात्रं आधीच कथेत हजर होती. ‘नाडा’ने १ ऑगस्टला त्याला सोडलं. तो रिओला पोहोचला. पण जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने दाद मागितली आणि लढतीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. तज्ज्ञ साक्षीदाराचं मत होतं की पहिल्या नमुन्यातलं प्रमाण एक-दोन गोळ्या गिळल्यावर येतं तसं आहे, भुकटी शिंपडल्यासारखं नाही.

आजही कोल्हापूरकडच्या पैलवानांत बसा आणि हा विषय काढा. गोळ्यांचं प्रमाण कुणी ऐकून घेणार नाही. ‘त्याला संपवला’ हे वाक्य मात्र ऐकायला मिळेल. नरसिंगने काय केलं हे त्यालाच माहीत. पण कटाची गोष्ट टिकली ती पुराव्यावर नाही, सुशीलवरच्या रागावर, असं माझं मत.

‘आपण’ जिंकलो, ‘ते’ हरले

१९७६ मध्ये छापून आलेल्या अभ्यासासाठी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत एक साधी गोष्ट मोजली. शनिवारी विद्यापीठाचा संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येणारे जास्त दिसतात. जिंकल्यावर मुलं ‘आपण’ म्हणत, हरल्यावर ‘ते’.

कॅनडात १९८८ च्या सोल ऑलिंपिकनंतर हाच विनोद सांगत. बेन जॉन्सन १०० मीटर ९.७९ मध्ये जिंकला त्या दिवशी ‘कॅनडाचा’. स्टॅनोझोलॉल सापडलं त्या दिवशी ‘मूळचा जमैकाचा’. आणि १९९४ मध्ये मॅराडोना एफेड्रिनमुळे विश्वचषकातून बाहेर गेला, तेव्हा ढाक्यात हजारोंचा मोर्चा निघाला. ब्युनोस आयर्स राहिलं बाजूला, हा संताप बुढीगंगेच्या काठचा.

शिट्टीची रेल्वे

आता परत कावेरीकडे. चेन्नई सुपर किंग्जवर दोन वर्षांची बंदी होती ती सट्टेबाजीच्या प्रकरणामुळे, उत्तेजकांमुळे नव्हे. २०१८ मध्ये संघ परतला आणि नेमका कावेरीच्या पाण्याचा प्रश्न पेटला. तंजावर म्हणजे त्या पाण्यावर भात पिकवणारा मुलूख. शेतकरी पाण्यासाठी भांडत असताना क्रिकेट कसलं, म्हणून चेपॉकबाहेर निदर्शनं झाली, मैदानात बूट आला. सामने हलवले कुठे? गहुंज्याला.

त्यावर चाहत्यांनी काय करावं? एक आख्खी रेल्वे. ‘व्हिसल पोडू एक्सप्रेस’ सुमारे हजार पिवळे सदरे घेऊन चेन्नईहून पुण्याला आली. २० एप्रिलला वॉटसनने शतक ठोकलं. बंदीचा कलंक वगैरे विचारणाऱ्याला त्या डब्यात बसायला जागा मिळाली नसती. त्या वर्षी करंडकही त्यांचाच.

बैलाचा नमुना

जल्लिकट्टूचा बैलही नायक असतो. तंजावरजवळ तिरुकानूरपट्टीलाही जल्लिकट्टू भरतो. बैलांना दारू पाजतात, डोळ्यांत तिखट टाकतात, हे आरोप सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१४ मध्ये खेळ बंद झाला. २०१७ मध्ये तमिळनाडूने कायदा बदलला. मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो उचलून धरला, सोबत आपल्या बैलगाडा शर्यतीचाही मार्ग मोकळा केला. बैलांच्या चाहत्यांइतका विजयोत्सव तर मॅनीवुडलाही जमला नव्हता. बैलाची एकच पंचाईत, ‘आईने दिली’ म्हणता येत नाही.

एकच धावपटू

२०२३ मध्ये जागतिक संस्थेच्या आकड्यांनुसार भारतात ५,६०६ नमुने तपासले आणि २१३ सापडले. आकडे कंटाळवाणे वाटत असतील तर त्याच वर्षीची दिल्लीची गोष्ट घ्या. सप्टेंबरमध्ये राज्य स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी ‘नाडा’चे अधिकारी आल्याची कुणकुण लागली. पुरुषांच्या १०० मीटर अंतिम शर्यतीला एकच स्पर्धक हजर. बाकी सगळ्यांच्या पायात अचानक गोळे आले. एक मुलगी तर शर्यत संपल्यावरही थांबेना; नमुना घेणारा अधिकारी तिच्यामागे धावत होता.

हॅलो, मी रायन बोलतोय

मिलवॉकीचा बेसबॉलपटू रायन ब्रॉन २०११ मध्ये सापडला, पण नमुना नेणाऱ्याने तो शनिवार-रविवार घरीच ठेवला होता या मुद्द्यावर सुटला. चाहत्यांनी फटाकेच उडवायचे बाकी ठेवले. २०१३ मध्ये त्याला चूक कबूल करावी लागली. ६५ सामने बंदी. मालकाने ऑगस्टच्या घरच्या सामन्यांना येणाऱ्या प्रत्येकाला दहा डॉलरचं कूपन दिलं, आणि ब्रॉनने हंगामी तिकीटधारकांना स्वतः फोन करून माफी मागितली. २०१४ च्या पहिल्या सामन्याला तो मैदानात आला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं.

टाटिस परतला २०२३ मध्ये. शिकागोत प्रेक्षक एका सुरात त्याला स्टेरॉइडवाला म्हणून चिडवू लागले, तर तो सीमेजवळ त्याच तालावर नाचला. हंगामअखेर त्याला क्षेत्ररक्षणाचा सर्वोच्च ‘प्लॅटिनम ग्लोव्ह’ मिळाला. या पुरस्कारात प्रेक्षकांची मतं मोजली जातात.